हा फोटो कोणी काढला?

पेंगेली कुटुंबाच्या शॅकमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या त्यांच्या सुट्टीच्या घरात, चहाच्या कपाटाशेजारी ईस्टरचा एक फोटो टांगलेला होता. सगळं घराणं पांढरे शर्ट घालून वाळूत अनवाणी उभं. डाव्या टोकाला नेव्हिल पेंगेली, कुटुंबप्रमुख, आणि त्याच्या खांद्यावर चार बोटं. बोटांच्या मागे हात नव्हता. तिथे चौकट संपत होती.

बोटं नेव्हिलच्या नव्या जोडीदारणीची, ग्लेनिसची होती.

त्या पहिल्या ईस्टरला सगळ्यांना रांगेत लावताना नेव्हिलच्या मुलीने, केरिनने, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "ग्लेनिस, तू जरा कडेला थांबतेस का? उंचीचा प्रश्न आहे." ग्लेनिस आणि केरिन उंचीला सारख्याच होत्या. पण माणूस नवीन घरात पहिल्याच सणाला उंचीवरून वाद घालत नाही. मग फोटो छापून आला, चौकट नेमकी लहान निघाली, आणि लहान चौकटीत बसवायचं तर कुठून तरी कापावंच लागतं. केरिनने तो मधून कापला नाही हाच तिचा समजूतदारपणा.

आलेले पाहुणे विचारायचे, "ही कोणाची बोटं?"

"ग्लेनिसची," नेव्हिल सांगायचा. मग पाहुणे वळून ग्लेनिसच्या हातांकडे बघायचे, खात्री करून घेतल्यासारखे.

त्याच भिंतीवर जूडिथ होती. मासे साफ करताना जूडिथ, बाळ कडेवर घेतलेली जूडिथ, टोपी उडताना धरणारी जूडिथ. जूडिथ ही नेव्हिलची लग्नाची बायको. ती वारली होती, त्यामुळे तिला कडेला उभं करण्याची सोय राहिली नव्हती. जूडिथशी ग्लेनिसचं भांडण नव्हतं. ग्लेनिस दातांच्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षं स्वागतकक्षात बसलेली बाई होती. दुसऱ्यांच्या वेदनेकडे शांतपणे बघायची तिला सवय होती. तिला नेव्हिलशी लग्नही नको होतं, शॅक नको होती, मुलांचं प्रेम तर नकोच होतं. तिला फक्त त्या भिंतीवर जायचं होतं. एक फोटो, ती आणि नेव्हिल, दोघांच्या चेहऱ्यांसकट.

तेव्हा ती म्हणाली, आपण कामाचं माणूस होऊ. कामाच्या माणसाला लोक मधे घेतात.

गॉलर गावातल्या वाचनालयात निवृत्तांसाठी दर बुधवारी वर्ग भरत. त्यांतला एक होता कुटुंबाचे आणि प्रवासाचे फोटो चांगले काढण्याचा. शिकवायला डेस्मंड पाइक नावाचे निवृत्त भूमापक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी आखल्यामुळे त्यांना कुठे काय संपतं याची फार नेमकी जाण होती.

"लोकांना हसा म्हणू नका," डेस्मंड सांगायचे. "हसा म्हटलं की दात दिसतात, माणूस दिसत नाही. त्याला काहीतरी विचारा आणि उत्तर देताना टिपा. भर दुपारी फोटो काढू नका, डोळ्यांच्या खाचांत काळोख पडतो आणि जिवंत माणूस उकरून काढल्यासारखा दिसतो. क्षितिज सरळ ठेवा, समुद्र एका बाजूने सांडतोय असं वाटता कामा नये. प्रवासात डोंगर मागे राहू दे, तो कुठे जात नाही. तुमच्या माणसाला जवळ बोलवा."

ग्लेनिस लिहून घेत नव्हती. तिला सगळं तसंच पाठ होत होतं.

"आणि सूर्य पाठीमागे असला," डेस्मंड एकदा म्हणाले, "की तुमची स्वतःची सावली पुढे चित्रात घुसते. समोर तुमचा नवरा उभा आणि त्याच्या पायाशी एक लांबलचक भूत. आधी टाळा. नाही टळलं तर घरी बसून पुसा. चांगला फोटो काढणारा फोटोत दिसत नाही."

मागच्या बाकावरच्या एका म्हातारबुवांनी विचारलं, "आणि बिघडलेल्या फोटोंचं काय करायचं?"

"फेका. शंभरातले नव्वद फेका. निर्दय व्हा. एकदा दुरुस्त झाला की मूळचाही ठेवू नका, नाहीतर घराचं भंगारखातं होतं. हललेला, वाकडा, डोळे मिटलेला फोटो ठेवणारी माणसं मी पाहिलीत. आठवण म्हणतात. आठवण डोक्यात ठेवा, भिंतीवर फोटो ठेवा."

वर्गात ग्लेनिस सगळ्यांत हुशार निघाली. डेस्मंडनी तिला पुढचा वर्गही करायला लावला, संगणकावर फोटो सुधारण्याचा. त्यात माणसांमागचे विजेचे खांब काढायला शिकवलं, मग कचऱ्याचे डबे, मग अनोळखी माणसं. तिथून सगळं बिघडत गेलं.

पुढच्या ईस्टरला ती शॅकवर कॅमेरा आणि तिपाई घेऊन उतरली. पेंगेल्यांना ती पहिल्यांदाच आवडली. नेव्हिलचा मुलगा कॅलम स्वतः येऊन तिची तिपाई उचलून घेऊन गेला. त्याने यापूर्वी तिची कुठलीच वस्तू उचलली नव्हती.

तिने सगळ्यांना संध्याकाळच्या उतरत्या उन्हात उभं केलं, नेव्हिलला मधे घेतलं, त्याच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवली, टायमर लावला आणि पळत सुटली. कोरड्या वाळूत, चपला घालून, साठी उलटलेल्या बाईने जेवढं पळावं तेवढं. ती पोचायच्या आत कॅमेरा वाजला. फोटोत तिच्या जागी एक जांभळा फराटा आला.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा पळाली. या वेळी वेळेवर पोचली, पण पाय मुडपला आणि खाली बसली. सगळे हसले. हसताना सगळ्यांचे डोळे मिटले.

"ग्लेनिस, अगं सोड ते टायमरचं," केरिन म्हणाली. "तू इतके सुंदर काढतेस, सरळ काढ ना. पोरं भुकेली आहेत."

"सॉसेज करपतायत," कॅलम म्हणाला.

"हो, काढ गं," नेव्हिल म्हणाला. नेव्हिल वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सॉसेज करपलेलं चालत नसे.

तिने सरळ काढला. कोणाचे डोळे मिटलेले नव्हते, क्षितिज तंतोतंत आडवं, नातवंडांतलं एकही रडत नव्हतं. मोकळी ठेवलेली जागा मात्र विचित्र दिसत होती, तेवढी तिने घरी बसून बुजवली, सगळ्यांना थोडं थोडं सरकवून. केरिनने तो फोटो पाहिला आणि त्याच आठवड्यात चहाच्या कपाटाजवळचा जुना काढून त्या जागी हा लावला. त्यामुळे बोटंही गेली.

असं नऊ वर्षं चाललं. वाढदिवस, बारसं, नाताळ, केरिनच्या लग्नाचा विसावा वाढदिवस, प्रत्येक वेळी ग्लेनिस कॅमेऱ्यामागे. कधी कधी ती म्हणायची, "माझाही एक काढा कोणीतरी." मग कॅलम कॅमेरा घ्यायचा, दोन्ही हातांनी, पेटलेली वस्तू धरल्यासारखा, आणि तिचा एक काढायचा. त्यात ग्लेनिस हनुवटीपर्यंत असायची, वर भरपूर आकाश, किंवा तिच्या डोक्यातून कपडे वाळत घालायचा खांब उगवलेला. घरी जाऊन ती तो फोटो बघायची. हललेला. वाकडा. डेस्मंडचा नियम होता, आणि ती नियमाची बाई होती. फेकून द्यायची.

ग्लेनिसला चांगुलपणाचा सोस होता असं कोणी समजू नये. रुंद भिंगाने गर्दीचा फोटो काढला की मधली माणसं आहेत तशी येतात आणि कडेची माणसं फुगतात, ही गोष्ट डेस्मंडनी टाळण्यासाठी सांगितली होती. ग्लेनिसने ती वापरण्यासाठी लक्षात ठेवली. "केरिन, तू जरा कडेला थांबतेस का? उजेडाचा प्रश्न आहे." मग केरिनचा दंड आणि गाल प्रत्येक सणाला चौकटीच्या कडेकडे पसरत गेले. फोटो आला की दर वर्षी केरिन क्रीमचा पावलोव्हा केक खाणं सोडायची. तिच्या नवऱ्यानेही एकदा फोटो बघून विचारलं होतं, "तू बरी आहेस ना?" ग्लेनिसने ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि भांडी विसळत राहिली. तो तिच्या वर्षातला चांगला दिवस होता.

सणाव्यतिरिक्त उरलेल्या काळात नेव्हिल आणि ती गाडीला कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून देशभर हिंडायची. फ्लिंडर्सचे लाल डोंगर, नलरबॉरचा सरळ रस्ता, कूबर पेडीची जमिनीखालची घरं. नेव्हिल प्रत्येक ठिकाणी उभा राहायचा, पाटीशेजारी, कड्याच्या टोकावर, मेलेल्या झाडाला टेकून. तो त्या कामात हळूहळू तरबेज झाला. हात कुठे ठेवायचे, पोट कधी आत घ्यायचं, सगळं त्याला न सांगता जमायला लागलं.

"आपला दोघांचा एक काढ ना फोनवर," ती म्हणायची.

"नाकपुड्यांचा फोटो कशाला?" तो म्हणायचा. "तुझे ते मास्तर काय म्हणतात? हात लांब करून काढलेला फोटो म्हणजे हाताचाच फोटो."

हे डेस्मंडचंच वाक्य होतं आणि तिनेच ते घरी आणलं होतं. नेव्हिल स्वतःही फोटो काढायचा. त्याच्या फोनमध्ये शेकडो होते. सगळे माशांचे.

संध्याकाळी कॅरव्हॅनमध्ये ती दिवसभराचं काम काढून बसायची. नेव्हिलच्या पायाशी तिची सावली पडलेली असायची, टोपी घातलेली, कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेली. ती पुसायची. नेव्हिलच्या काळ्या चष्म्याच्या दोन्ही काचांत तिचं इवलंसं चित्र उमटलेलं असायचं, मागे कॅरव्हॅन. तेही पुसायची आणि तिथे आकाश भरायची. हे नाजूक काम होतं, काच काचेसारखीच राहिली पाहिजे. डेस्मंडनी एकदा असा एक फोटो सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "बघा, कोणी उभंच नव्हतं असं वाटतं." ग्लेनिसला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. मूळचे फोटो तिने अर्थातच ठेवले नाहीत.

स्ट्रीकी बेच्या पुढे एका कड्यावर आभाळ भरून आलेलं होतं. डेस्मंडना असा उजेड फार आवडे, सावलीच पडत नाही. नेव्हिल कॅरव्हॅनला टेकून उभा होता. कसलीही तयारी न करता, पोट सुटलेलं, केस वाऱ्यावर.

"झालं का? ठेव ते खोकं आणि ये इकडे," तो म्हणाला आणि एक हात तिच्याकडे लांब केला.

"हलू नकोस."

"ये गं बाई. मी काय स्मारक आहे का?" तो हसला. तसा तो हसत नसे. पेंगेल्यांकडे हसणं म्हणजे नाकातून हवा सोडणं. हा पूर्ण चेहऱ्याने हसला, हात पसरलेलाच.

तिने टिपला. आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला, हे तिला बटण दाबतानाच कळलं. मग ढग सरकले, पलीकडच्या खडकांवर कधी नव्हे असं पिवळं ऊन आलं, आणि ती आधी खडकांकडे वळली. परत आली तोवर नेव्हिल आत चहा करायला गेला होता.

त्यानंतरच्या शरद ऋतूत नेव्हिल बोट ट्रेलरवर चढवताना खाली बसला आणि उठला नाही. शेजारच्या बोटीवाल्याला वाटलं, दोरी शोधतोय.

केरिनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. रडून झालेला, कामाचा आवाज. "अंत्यविधीला पडद्यावर फोटो दाखवायचेत. मम्मीबरोबरचे माझ्याकडे आहेत. गेल्या नऊ वर्षांतले तू दे. आणि ग्लेनिस, तुझा आणि डॅडचा एक दे. तुला आवडेल तो. एकच दे हं, गाणं संपायच्या आत बसवायचंय सगळं."

म्हणजे केरिनने आपण होऊन विचारलं होतं. ग्लेनिसला भांडायची तयारी केलेली असताना भांडण्यासारखं काही मिळालं नाही, हे तिला पहिल्यांदा टोचलं. मग ती संगणकापुढे बसली.

हजारो फोटो होते. एकूण एक सुंदर. नेव्हिल पाटीशेजारी, नेव्हिल कड्यावर, नेव्हिल झाडाला टेकून. ती शोधत राहिली. एखादी तरी सावली राहून गेली असेल. एखाद्या चष्म्यात, किटलीच्या पोटावर, कॅरव्हॅनच्या खिडकीत आपण राहून गेलो असू. तिने मोठे करकरून पाहिले. काम स्वच्छ होतं. तिने कुठेही काही सोडलेलं नव्हतं.

तिने नेव्हिलच्या बहिणीला, लॉरेनला, फोन केला. "सत्तरीच्या पार्टीतला माझा आणि नेव्हिलचा एखादा आहे का गं तुझ्याकडे?"

"मी कशाला काढू? तू होतीस ना काढायला," लॉरेन म्हणाली. मग शोधून एक पाठवला. त्यात केक होता, नेव्हिल होता आणि केकमागे एक कान. कान ग्लेनिसचा असावा.

मग तिने स्ट्रीकी बेचा फोटो उघडला. हात पसरलेला नेव्हिल, आणि त्या हाताखाली रिकामी हवा. बरोबर एका माणसाची.

स्वतःचा फोटो तिच्याकडे एकच होता, वर्गातला. डेस्मंडनी सगळ्यांना एकमेकांचे चेहरे काढायला लावले होते, खिडकीपाशी, पडदा ओढून. मऊ उजेड, जांभळा स्वेटर, आणि कधी एकदा सुटते असा चेहरा. तो तिने नेव्हिलच्या हाताखाली आणला. माणूस दुसरीकडून आणून बसवायचा तर आधी उजेडाची दिशा जुळवा, मग धूसरपणा, मग पाय. पाय जुळत नसतील तर दोघांनाही गुडघ्यांच्या वर कापा. तिने कापले. नेव्हिलची बोटं तिच्या खांद्यावरून पुढे आणली. केसांना वारा दिला. स्वतःच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, मग विचार करून परत ठेवली.

दिवस मावळेपर्यंत ती फोटोत उभी राहिली होती, त्याच्या काखेत. यात खोटं काय, असं तिने स्वतःला विचारलं. ती त्या कड्यावर होतीच. चार हातांवर. तिने फोटो पाठवून दिला.

अंत्यविधीला हॉल भरला. पडद्यावर आधी जूडिथची वर्षं गेली. विटके रंग, वाकडी क्षितिजं, निम्मी कापलेली डोकी, आणि सगळीकडे दोघं एकमेकांच्या अंगावर रेलून हसतायत. मग जूडिथ संपली आणि एकाएकी चित्रं अतिशय देखणी झाली. निळं आकाश, लाल डोंगर आणि त्यात एकटा नेव्हिल. पुन्हा एकटा नेव्हिल. कड्याच्या टोकावर, मैलोन् मैल कोणी नाही, एकटा नेव्हिल.

ग्लेनिसच्या मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "बिचारा. ती गेल्यावर एकटाच भटकत राहिला बघ."

"फारच मनाला लावून घेतलं होतं त्याने," दुसरी बाई म्हणाली.

मग स्ट्रीकी बेचा आला. श्वास अडकावा इतका चांगला होता. पण तोवर गाणं शेवटच्या ओळीला आलं होतं, त्यामुळे तो लगेच गेला.

नंतर बोलिंग क्लबमध्ये चहा होता. सॉसेज रोल, फ्रिट्झ सॉसेजचे काप घातलेले सँडविच, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक. ग्लेनिस बशी घेऊन उभी होती तेव्हा कॅलम आला.

"तो शेवटचा," कॅलम म्हणाला. "तो कोणी काढला?"

ग्लेनिसने सगळा विचार केला होता. उजेड, धूसरपणा, पाय. हा केला नव्हता. नऊ वर्षांत या घरात हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नव्हता.

"कॅरव्हॅन पार्कमधला एक जण होता," ती म्हणाली. "डच."

"काय नजर आहे त्याची."

"कोणाची?" लॉरेन बशी सांभाळत पुढे आली.

"त्या डच माणसाची. डॅडचा तो हसतानाचा फोटो त्याने काढलाय."

"अरे देवा, तो," लॉरेन म्हणाली. "सत्तर वर्षं मी त्याची बहीण आहे, एवढा हसलेला नाही पाहिला. काय सांगितलं तरी काय त्याला त्या माणसाने?"

"काही नाही," ग्लेनिस म्हणाली. "काढतो म्हणाला."

"तसंच असतं," लॉरेनने मान डोलावली. "परक्या माणसासमोर पुरुष खुलतात. घरचं कोणी असलं की बसतात तोंड शिवून. तुझ्या फोटोंत बघ ना, कसा ताठ उभा असतो. आता फोटो छान असतात हं तुझे, तसं नाही म्हणत मी."

"दाढी करायला बसवल्यासारखा," कॅलम म्हणाला.

"तू जरा कॅमेरा दुसऱ्यांच्या हातात द्यायला हवा होतास, ग्लेनिस," केरिन म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. डोळे सुजलेले होते, आणि रुंद भिंग नसल्यामुळे ती बारीक दिसत होती. "सगळं आपल्याच हातात ठेवायची तुला सवय. नाहीतर असे आणखी मिळाले असते आम्हाला."

ग्लेनिसने लॅमिंग्टनचा तुकडा तोडला. हसू माझ्याकडे बघून आहे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की फोटोतली ग्लेनिस खोटी ठरत होती, आणि मग अंत्यविधीला मेलेल्या माणसाच्या काखेत स्वतःला चिकटवणारी बाई म्हणून पेंगेल्यांनी तिला तीन पिढ्या लक्षात ठेवलं असतं. न बोलावं तर ती त्याच्या शेजारी राहत होती आणि हसू डच माणसाला जात होतं. तिने तुकडा चावला.

"मला तो शॅकसाठी हवाय," केरिन म्हणाली. "मोठा करून." मग तिने ग्लेनिसच्या दंडावर हात ठेवला. "रागावू नकोस हं. पण तो आम्हाला डॅडचा फोटो म्हणून हवाय. तू त्यातून स्वतःला काढशील का? मी केलं असतं, पण मला ते जमत नाही. तुझा हात कोण धरणार त्यात."

"तिला काय अवघड आहे," लॉरेन म्हणाली.

"बघते," ग्लेनिस म्हणाली. "नाजूक काम आहे. वेळ लागेल."

मूळचा फोटो तिच्याकडे होता. त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं म्हणून तेवढा एक राहिला होता. घरी गेल्यागेल्या पाठवता आला असता, पण तेवढ्यात झालं तर संशय यायचा. म्हणून तिने मधे आठवडा जाऊ दिला. त्या आठवड्यात तिने काहीच केलं नाही. कपडे धुतले, नेव्हिलच्या फोनमधले मासे बघितले. मग पाठवून दिला.

केरिनचा लगेच फोन आला. "ग्लेनिस, तू म्हणजे ना कमाल आहेस. कॅलमने पडद्यावर मोठा करून करून बघितला. तू तिथे होतीस याचा मागमूस नाही."

"बरं झालं."

"कॅलम विचारतोय, त्या डच माणसाचं नाव काय? खाली बारीक अक्षरांत घालू म्हणतो. त्याचं श्रेय त्याला."

"यान," ग्लेनिस म्हणाली.

"आडनाव?"

"सांगितलं नाही त्याने."

"यान तर यान. ऐक, आता लावू कुठे? मम्मीच्या शेजारी जागा करू का, कपाटाजवळ?"

कपाटाजवळची भिंत थंड, कायम सावलीतली होती. तिथे जूडिथ वर्षानुवर्षं विटायची तेवढी विटली होती आणि त्यापुढे विटायची थांबली होती. समोरची भिंत पश्चिमेच्या मोठ्या खिडकीच्या तोंडावर होती. दुपारपासून सूर्य पाण्यात बुडेपर्यंत तिच्यावर ऊन तळपत असे. त्या भिंतीवर नेव्हिलने एकदा माशांच्या जातींचा रंगीत तक्ता लावला होता. तीन उन्हाळ्यांत सगळ्या माशांची एकच जात झाली, पांढरी.

"नको, तिथे गर्दी होईल," ग्लेनिस म्हणाली. "समोरच्या भिंतीवर लाव. मोठ्या खिडकीपुढे."

"तिथे ऊन येतं ना पण?"

"येऊ दे की. फोटोला उजेड लागतो. हसतानाचा चेहरा उजेडातच खुलतो."

"आणि काच? काच लावून घेऊ ना?"

"काच नको. चकाकते. उघडाच ठेव."

"काच नको," केरिन सावकाश म्हणाली. लिहून घेत असावी. "बरं झालं बाई तुला विचारलं. आम्हाला यातलं काही म्हणजे काही कळत नाही."